चरकाचं झाकण

वयनी, तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. तुम्हाला ते ठाऊक असणारच, कारण त्याला अडवून धरणाऱ्या तुम्हीच होता.

दहाव्याला नदीवर सगळं गोत जमलं होतं. भटजींनी पिंड मांडले, तुमच्या सदूने पाणी सोडलं आणि आम्ही सगळी मागे सरून उभी राहिलो. करंजावर कावळे चांगले चार-पाच बसले होते, पण एक खाली येईल तर शपथ. मग नेहमीचं सुरू झालं. थोरल्या भाऊजींनी हात जोडले. "सदूच्या आये, मी येळच्या येळी जेवंन. तू जीव टांगून ठेवू नको." कावळा हलला नाही. सदू म्हणाला, "आये, बाबांना एकटं टाकणार नाय." तरी नाही. तुमच्या सुनेने, हौसाने, रडत रडत सांगितलं की तुमची कपिला गाय कुणाला विकू देणार नाही. तरी नाही. मग तुमची बहीण पुढे झाली. "त्या चरकानंच खाल्ली हिला," ती म्हणाली. "चरक मोडतो म्हण रे सदू." सदू तसं म्हणाला मात्र, होते नव्हते ते कावळे उडून पलीकडच्या काठावर गेले. मला त्या जागीही हसू आलं, वयनी. पदर तोंडाला लावला म्हणून लोकांना वाटलं मी रडतेय, आणि ते खोटंही नव्हतं.

सदू घाबरून ओरडला, "नाय मोडत, नाय मोडत! चालू ठेवतो!" तेव्हा एक कावळा परत आला. पिंडाजवळच्या धोंड्यावर बसला, मान वाकडी केली आणि नेमका माझ्याकडे बघत राहिला. सगळी माणसं माझ्याकडे वळली. भाऊजी म्हणाले, "धाकटे, तुज्याकडंच काय तरी राह्यलंय. बोलून टाक गो."

काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. ‘चरकाला झाकण लावणार नाय’, एवढं तुम्हाला माझ्या तोंडून हवं होतं. मी ते म्हटलं असतं तर तुम्ही पटकन जेवला असता, उन्हात ताटकळलेली माणसं घरी गेली असती आणि मलाही पुढचे टोमणे ऐकावे लागले नसते. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, वयनी, दुसरं काय पण मागा, हे नाय. कावळा उडून गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून सगळं उरकलं.

आता गाव म्हणतं, धाकटी जाऊ दगडाच्या काळजाची. म्हणू दे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि ते पुरं करायला मी बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मुरबाडच्या शाळेत माझी चौथी झाली होती म्हणून घरात आलेला कागद मीच मोठ्याने वाचायची आणि तुम्ही चुलीपुढून हुंकार द्यायचा. आताही लिहिताना मोठ्यानेच म्हणते आहे. ऐका, आणि मध्ये बोलायचं नाही.

लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा शहापूर-मुरबाड मोटार आता बंदच पडणार असं सगळे धरून चालले होते. मग एक दिवस ती आली ती पाठीला लोखंडी टाकी बांधून. टाकीत लाकडाचा कोळसा पेटवायचा, त्याचा वायू गाळून इंजिनात न्यायचा आणि त्याच्यावर मोटार चालवायची. लोक लांबून बघत होते. तुम्ही टाकीभोवती एक फेरी मारलीत आणि यशवंता ड्रायव्हरला म्हणालात, "म्हंजे शेगडीच की रे ही. मंग तिला कोळसा कसला घालतंस?"

यशवंता रडकुंडीलाच आला होता. जंगलातल्या भट्ट्यांवरून येणाऱ्या कोळशाच्या ढलप्या हातहातभर लांब. त्या टाकीत आडव्यातिडव्या अडकायच्या, मध्ये पोकळ राहायची आणि मोटार मधेच बंद पडायची. हातोडीने फोडावं तर निम्म्याचा भुगा व्हायचा आणि भुग्याने टाकी कोंडायची. त्याला हवा होता आवळ्याएवढा तुकडा, सगळा एकसारखा. शेवटी मुरबाडच्या एका लोहाराने उसाच्या चरकावरून डोकं चालवून हे यंत्र करून दिलं. दोन सागवानी रूळ, त्यांना लोखंडाचे दात, वर पेटीसारखं उघडं तोंड, बाजूला दांडा आणि खाली चाळण. तोंडात ढलपी टाकायची, दांडा फिरवायचा, ती दातांत मोडून चाळणीवर पडायची. भुगा गळून जायचा, तुकडे वर राहायचे. मोटार आपल्या दारासमोरच थांबत होती म्हणून ते यंत्र आपल्या पडवीत आलं. गावाने त्याला चरकच म्हटलं. त्याचं काम कुणी करायचं हे बाप्ये विडी ओढत ठरवत होते, तोवर तुम्ही पदर खोचून पहिली टोपली ओतलीसुद्धा.

आणि पहिल्याच खेपेला आपण दोघींनी काय केलं! आठवतं ना? यशवंता सांगून गेला होता, "वयनी, कोळसा साफ पायजे. धूळ अजिबात नको." साफ करायचं म्हणजे काय, ते भात पिकवणाऱ्या घरातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. आपण तो सगळा कोळसा टोपल्यांत भरून ओढ्यावर नेला आणि तांदूळ धुवावा तसा तीन पाण्यांनी खळखळून धुतला. मग अंगणात पडवीपासून कुंपणापर्यंत वाळत घातला. तुम्ही त्याच्यावर कोंबडी फिरकू दिली नाहीत. काय चकाकत होता तो! यशवंता बघून खूश झाला, तुम्हाला हात जोडून गेला.

वरून खडखडीत वाळलेला तो कोळसा पोटातून ओला होता. मोटार नदीपलीकडच्या चढावर निम्म्यात गेली, उसासे टाकले आणि उभी राहिली. माणसं उतरून ढकलायला लागली. त्या मोटारीत एक अडलेली बाई होती, शहापूरच्या दवाखान्यात निघालेली. तिला तिथून डोली करून न्यावं लागलं. ती आणि तिचं बाळ दोघं सुखरूप सुटली, म्हणून आज हसून सांगता येतं. तुम्ही मात्र तेव्हाही हसला नव्हता. पाचवीला तुम्ही तुपाची वाटी आणि डिंक घेऊन, मला सोबत घेऊन, तिच्या गावी चालत गेलात. ती बिचारी तुम्हाला ओळखत नव्हती. तुम्ही तिच्या खाटेशी बसून म्हणालात, "मोटार माज्या कोळशानं आडली गो बाय." तिला वाटलं, ही कोण वेडी आलीय. तुम्ही तिच्या बाळाच्या पायांवरून हात फिरवलात आणि उठून आलात.

परत येताना वाटेवर, सिद्धगडाच्या डोंगराकडे तोंड करून, तुम्ही मला बजावलंत, "आता ऐक. माज्या डोळ्यांसमोरून गेल्याबिगर एक ढलपी दातात जायाची नाय." आणि तसंच केलंत. ढलप्यांत अर्धं कच्चं लाकूड राहिलेलं असतं, ते टाकीत गेलं की डांबर सुटतं आणि इंजिन खराब होतं. खडे असतात, ते रुळाचे दात मोडतात. तुम्ही चरकाच्या तोंडावर ओणव्या होऊन एकेक ढलपी बघायचा आणि मगच सोडायचा. त्यानंतर तुमच्या कोळशाने मोटार कधी अडली नाही. यशवंता दुसरीकडचा कोळसा हातात घेऊन म्हणायचा, "हा वयनीचा नाय." कोळशाला कोळशाचं नाव सोडून बाईचं नाव पडलेलं मी तरी दुसरीकडे ऐकलं नाही.

तोंडाशी तुम्ही आणि दांड्याशी मी, हेही तुम्हीच ठरवलं होतं. माझी यमी अंगावर पीत होती. मी चरकाच्या तोंडाशी गेले तशी तुम्ही मला दंडाला धरून बाजूला केलंत. "तितं नको. सगली धूल वर येते. दूध पितं पोर तुजं, काय कोळसा पाजतंस तेला?" मी दांडा धरला. दांडा जड होता, पण त्या बाजूला वारा यायचा. तुमच्या बाजूला धुळीचा लोट उठायचा आणि तुम्ही त्यात डोकं घालून उभ्या असायचा, पदराचं टोक नाकावरून बांधून. संध्याकाळी ते टोक सोडलंत की मूळ रंग कुठला होता ते सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा तेच टोक.

यमीचं दूध सुटलं तेव्हा मी म्हटलं, आता मी तोंडाशी येते. तुम्ही म्हणालात, "माजे डोले बसलेत आता या कामाला. तू नको." पुढच्या सुगीनंतर म्हटलं, होळीला म्हटलं, तुम्हाला पहिला खोकला लागला तेव्हा तर रोज म्हटलं. दर वेळी तुमचे डोळे बसलेले. एकदा मी सरळ तुमच्या आधी येऊन तोंडाशी उभी राहिले, तर तुम्ही टोपली उचललीत आणि घरात जाऊन भात निवडायला बसलात. मोटार यायची वेळ झाली, मी एकटी. चरक एकटीने चालत नाही. मी आत येऊन म्हटलं, "चला, या तुमच्या जागेवर." तुम्ही लगेच उठलात. तोंडावर काय समाधान होतं तुमच्या! मला तेव्हा तुमचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

म्हणून मी झाकणाची गोष्ट काढली. सुताराकडून फळी ताशून घेतली, दोन बिजागऱ्या लावायला सांगितल्या. कोळसा आधी सुपात निवडायचा, मग तोंडात ओतायचा, झाकण घालायचं आणि मग दांडा फिरवायचा. धूळ आतल्या आत राहील. तुम्ही झाकण हातात घेऊन उलटंपालटं बघितलंत, बोटाने ठोकलंत, म्हणालात, "ब्येस हाय." आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही ते चुलीपुढे टाकून त्याच्यावर बसून भाकरी थापत होता. बिजागऱ्यांची बाजू भिंतीकडे केली होती, टोचू नये म्हणून. सगळी दिवाळी, सगळी संक्रांत तुम्ही माझ्या झाकणाचा पाट करून वापरलात. आल्यागेल्याला सांगायचा, "धाकटीनं केलाय माज्यासाठी."

शहापूरच्या डॉक्टरने तुमच्या पाठीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाला, हे काम आजच्या आज सोडा, छातीत धूळ बसली आहे. बाहेर आल्यावर मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "तेला काय जातंय सोडा बोलायला. तो इतं आला तो कुणाच्या कोळशावर आला?" खरंच तो डॉक्टर मुरबाडचा, त्याच मोटारीने यायचा. तुमच्यापुढे बोलायची सोयच नव्हती.

पण शेवटचं भांडण जरा वेगळं झालं. तुम्हाला दोन ढलप्या टाकल्या की दम लागत होता. मी दांडा सोडला आणि चुलीपुढून झाकण उचलून आणलं. म्हटलं, आज हे लागणार, नाहीतर दांडा फिरणार नाही. तेव्हा कुठे तुम्ही मनातलं बोललात. "आगो, झाकण लावलंस तर आतलं दिसणार नाय. ढलपी आडवी बसंल, रूळ आडकंल. उघडा, काढा, परत लावा. मोटारीचा टाइम जाईल. आनि चढावर परत कोन आडली तर?"

"सुपात निवडून टाकू की," मी म्हटलं.

"दुप्पट येळ लागंल."

"लागू दे."

"लागू दे काय लागू दे? ती बाय डोलीत वरडत होती ती तुला..." आणि तिथे तुम्हाला उबळ आली. ती थांबली तेव्हा तुमच्यात बोलायचं त्राण नव्हतं. तुम्ही हाताने खूण केलीत, उद्या बोलू. त्या दिवशी तुम्ही जे अंथरूण धरलंत ते धरलंतच. उद्या काही बोलणं झालं नाही. माझं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं.

ते उत्तर असं होतं, वयनी. त्या एका बाईसाठी तुम्ही तीन पावसाळे धूळ खाल्लीत. त्याआधी माझ्या यमीसाठी खाल्लीत. यमी आता अंगणात धावते, तिचा श्वास स्वच्छ आहे, आणि ती पळताना बघितली की मला तुमच्या पाया पडावंसं वाटतं आणि तुम्हाला धरून हलवावंसंही वाटतं. तुम्ही जगाचं सगळं बघत होता. तुमचं बघायला मी होते, आणि तुम्ही मला बघू दिलं नाहीत.

तुमचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी यशवंता आला. पडवीच्या पायरीशी टोपी काढून उभा राहिला. मधल्या दिवसांत मोटार हातोडीच्या कोळशावर चालली होती, दोनदा वाटेत थांबली होती. तुमची बहीण आतून म्हणाली, "चरक मोडा आधी." सदू कधी मावशीकडे बघे, कधी बापाकडे.

तेवढ्यात हौसा उठली. कुणाला न विचारता चरकाच्या तोंडाशी गेली, तुम्ही उभ्या राहायचा तिथेच उभी राहिली आणि पदराचं टोक नाकावरून बांधायला लागली. तुमच्यासारखीच गाठ मारत होती, डाव्या कानामागे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमची बहीणसुद्धा म्हणाली, "सासूचं चालवील ही पोर."

मला मात्र धडकी भरली. कारण एक गोष्ट मला एकटीला ठाऊक होती, हौसाने मला आदल्या रात्री कानात सांगितली होती, आणि ती तुम्हाला सांगायची राहून गेली. तुम्ही होता तेव्हा तिची तिलाच खात्री नव्हती. वयनी, हौसाला दिवस गेलेत. तुम्ही आजी होणार.

मी जाऊन तिला दंडाला धरून बाजूला केली. तुम्ही मला केलं होतं तशीच. ती म्हणाली, "काकी, आत्याबायच्या जागेवर मीच उभी रानार." मी म्हटलं, "ती जागाच आता ठेवायची नाय." सदूला म्हटलं, "दांडा धर." तो पुटपुटला, हे बायांचं काम. म्हटलं, "तुजी आय गेली ते काम बायांचं होतं. आता घरातल्या सगल्यांचं." त्याने धरला. हौसाला पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला, सूप घेऊन बसवली. सबंध ढलप्या तिच्यापुढे ठेवल्या. कच्चं लाकूड, खडे, काय असेल ते तिथेच वेगळं काढायचं. ढलपी डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय दातात जाणार नाही, हा तुमचा शब्द मी मोडलेला नाही. डोळे तेवढे बदलले आणि जागा बदलली.

मग मी चुलीपुढे गेले आणि तुमचा पाट उचलला. बसून बसून गुळगुळीत झाला होता. त्याच्यावरून हात फिरवला आणि मला तिथेच रडू आलं. दहाव्यालाही आलं नव्हतं तसं आलं. पुसून काढले डोळे आणि लोहाराला बोलावून त्या बिजागऱ्या चरकाच्या तोंडाला ठोकून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदूने दांडा फिरवला. चार फेरे झाले असतील, रूळ अडकले.

तुमचं म्हणणं खरं होतं, वयनी. हे मी मोठ्याने वाचते आहे, नीट ऐका. झाकण लावलं की चरक अडकतो. ढलपी आत आडवी बसते आणि बाहेरून काही दिसत नाही. झाकण उघडलं, काठीने ढलपी सरळ केली, धूळ बसू दिली, झाकण लावलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकला. सगळी सकाळ असंच चाललं. मोटार येऊन उभी राहिली. आतली माणसं कुरकुरायला लागली, कुणी म्हणालं, "टाइम झाला, वयनी असत्या तर..." मी तोंड वर न करता म्हटलं, "वयनी नायत. थांबा." यशवंता खाली उतरला, माझ्या हातातली काठी घेतली आणि स्वतः ढलप्या सरळ करायला लागला. मोटार उशिरा सुटली. चढ मात्र न थांबता चढली, त्याने परत येताना मुद्दाम हाक मारून सांगितलं. उद्यापासून आम्ही दिवस उगवायला कामाला लागणार आहोत, म्हणजे तुमचा टाइमही सांभाळला जाईल. लोहार म्हणतो, तोंड जरा अरुंद केलं तर ढलपी सरळच पडेल. ते करून बघू. नाही जमलं तर रोज अडकेल तितक्या वेळा उघडीन आणि तितक्या वेळा लावीन.

माझा पदर थोडा काळा झाला, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी हौसाने नाकावरची गाठ सोडली, तेव्हा मी ते टोक तिच्या हातातून घेतलं आणि उजेडात धरून बघितलं. तिचं लुगडं हिरवं आहे. टोकही हिरवंच होतं.

पडवीच्या कौलांवर भाताचा घास ठेवला आहे, वर तूप घातलं आहे. झाकण निघणार नाही. जेवून घ्या, वयनी.